तलाव वाचवायचाय? आधी नाला मोजा

तलावासाठी काही करायचं ठरवलेला नवा गट बहुतेक वेळा श्रमदानापासून सुरुवात करतो. रविवार सकाळ, हातमोजे, पोत्यांत भरलेला कचरा, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. जरूर करा. माणसं जोडली जातात, आणि कोण टिकणार, कोण फोटोपुरतं येणार हेही कळतं. पण काठावरचं प्लास्टिक फक्त डोळ्यांना खुपतं; तलावाचा जीव घेतं ते नाल्यातून येणारं मैलापाणी. ते रात्रंदिवस येतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात अशाच एका तलावावर काम करणाऱ्या गटात मी बरीच वर्षं आहे. कुठल्या ऑफिसात जायचं, काय मागायचं आणि कशाला भुलायचं नाही, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक शहरांत तो उलटा चालतो: आधी काठावर लाइट आणि कारंजी, मग गाळ, मग जलपर्णी, आणि मैलापाणी कायम 'पुढच्या टप्प्यात'. कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई तलाव, ठाण्यातले तलाव, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव हे सगळे 2001 साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत होते. त्यानंतरही रंकाळ्याची आणि पवईची जलपर्णी बातम्यांत येत राहिलीच. तेव्हा पैसा आला की तलाव सुटला, असं धरून चालू नका.

1. तलाव कागदावर कुणाचा आहे ते शोधा

हे आधी केलं नाही तर पुढची दोन वर्षं तुम्हाला एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं जाईल. शहरातला तलाव महापालिकेचा असेलच असं नाही. जमीन महसूल खात्याची, पाणी जलसंपदाचं, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून, आणि काठावरचा बगीचा महापालिकेचा, अशी वाटणी अगदी सर्रास असते. देवस्थानाच्या मालकीचेही तलाव आहेत.

तलावाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून जुना गाव नकाशा घ्या. नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. तिन्ही कागद शेजारी ठेवले की तलाव कुठे कुठे आक्रसलाय ते दिसतं. गुगल अर्थवरची जुन्या वर्षांची चित्रं सोबत जोडा. ती पुरावा म्हणून कच्ची असली, तरी बैठकीत सगळ्यांची तोंडं बंद करतात.

तलावाची हद्द म्हणजे आज दिसणाऱ्या पाण्याची कड नव्हे. सांडव्याच्या माथ्यापर्यंत पाणी भरलं की जिथवर पोचतं, ती पूर्ण संचय पातळी. उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन 'मोकळी जागा' म्हणून दाखवली जाते आणि मग तिथे भराव येतो. त्यावर सोपा उपाय आहे. सप्टेंबरमध्ये तलाव सांडव्यावरून वाहत असताना संपूर्ण काठाने चाला आणि मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून ठिकठिकाणी पाण्याच्या कडेचे फोटो काढा. हे फोटो दरवर्षी काढून ठेवायचे. मे महिन्यात डंपर येतील तेव्हा कामाला येतात.

कायद्याचा एक मुद्दा इथेच समजून घ्या. नवे लोक हमखास '2017 च्या पाणथळ नियमां'कडे धावतात. त्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले आहेत, आणि आपल्याकडचे अर्धेअधिक तलाव बांधलेलेच आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो या नियमांखालचा पाणथळ नाही असंच धरलं. मात्र लोकविश्वासाचं तत्त्व, म्हणजे सरकार अशा जलाशयांचं मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त असतं हे तत्त्व, मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होतं, हेही त्याच निकालात आहे. म्हणून तुमचा अर्ज एकाच नियमावर टांगू नका. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात नैसर्गिक आणि कृत्रिम असे दोन्ही जलसाठे येतात, आणि त्याचं कलम 24 त्यांत घाण सोडायला मनाई करतं. मैलापाण्याच्या तक्रारीला हा पाया जास्त भक्कम.

2. नाल्याच्या उगमाकडे चालत जा

फेब्रुवारी ते मे हा काळ निवडा. तलावाच्या तोंडापासून सुरुवात करून नाल्याच्या कडेने वर चढत जायचं. पावसाळ्यात सगळंच पाणी दिसतं. उन्हाळ्यात जे वाहतं ते कुणाच्या तरी घरातून, गोठ्यातून, मंगल कार्यालयातून किंवा गॅरेजमधून आलेलं असतं. कुठे पाइप नाल्यात उघडतो, कुठे चेंबर तुंबून वाहतंय, कुठे पाण्यावर तेलाचा तवंग आहे, ते नकाशावर टिपत चला. राखाडी पाणी, तळातून येणारे बुडबुडे आणि दगडांना चिकटलेले पांढरट, कापसासारखे धागे दिसले की ते मैलापाणी, प्रयोगशाळेची वाट बघायला नको.

या फेरीत महापालिकेच्या ड्रेनेज विभागातला एखादा जुना कर्मचारी किंवा मुकादम सोबत मिळाला तर सोन्याहून पिवळं. कुठलं चेंबर कुठे जातं हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. त्यांच्याशी अदबीने बोला आणि त्यांचं नाव कुठल्याही अर्जात घालू नका. नोकरी त्यांची आहे.

फेरीत एक गोष्ट नक्की तपासा. 'या भागात ड्रेनेज लाइन टाकली आहे' असं तुम्हाला सांगतील, आणि ते खरंही असेल. पण लाइन रस्त्याखालून गेली म्हणजे घरं तिला जोडली गेली असं नाही. जोडणीचा खर्च घरमालकावर, सेप्टिक टँकची जादा झालेली घाण पावसाळी गटारात सोडायला मात्र फुकट. घरोघर विचारलं की खरी परिस्थिती कळते. आमच्याकडे एका अख्ख्या गल्लीत लाइन होती, जोडण्या नव्हत्या.

जिवाची काळजी घ्या. नाल्यात उतरू नका, पायाला जखम असेल तर काठावरही बूट घालूनच जा, लेप्टोचा धोका असतो. चेंबरचं झाकण उघडून आत डोकावायचं नाही; आतल्या वायूने माणसं क्षणात जातात. आणि पैसे देऊन कुणाला सुरक्षा साधनांशिवाय आत उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

3. नाला मोजा

ही पायरी बहुतेक गट गाळतात, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं 'भावना' म्हणून फायलीला लागतं. बैठकीत आकडा टाकला की इंजिनिअर सरळ बसतो.

लागतं काय? मेजर टेप, खुणा केलेली काठी, स्टॉपवॉच आणि एक लिंबू. नाल्याचा सरळ, पक्का बांधलेला पाच मीटरचा तुकडा निवडा. पाण्याची रुंदी मोजा. काठीने तीन-चार ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. लिंबू वरच्या खुणेला पाण्यात टाका आणि खालच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागले ते बघा. लिंबू बरंचसं बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने फारसं भरकटत नाही. (पुलावरून नाल्यात लिंबू टाकताना येणारे-जाणारे तुमच्याकडे उतारा टाकणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. त्याला इलाज नाही.)

समजा रुंदी 1.2 मीटर, सरासरी खोली 15 सेंटिमीटर आणि पाच मीटरला 20 सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला 0.25 मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून त्याला 0.85 ने गुणा. मग 1.2 गुणिले 0.15 गुणिले 0.21, म्हणजे सेकंदाला साधारण 38 लिटर. हा प्रवाह दिवसभर तसाच राहिला तर तेहतीस लाख लिटर.

दिवसभर तो तसा राहत नाही. सकाळी सहा ते नऊ जोर असतो, दुपारी ओसरतो, संध्याकाळी पुन्हा वाढतो, मध्यरात्रीनंतर अगदी बारीक होतो. म्हणून एका दिवसात दर दोन तासांनी मोजा आणि सरासरी घ्या. आळीपाळीने माणसं लावली की जमतं. मग वरच्या वस्तीच्या लोकसंख्येशी ताळा करा. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी 135 लिटर धरतात आणि त्यातलं 80 टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे माणशी सुमारे 108 लिटर. तुमचा आकडा आणि वस्ती यांचा मेळ बसला तर हे 'झऱ्याचं पाणी' आहे असं कुणी म्हणू शकत नाही. आणि तसं म्हणणारे भेटतात.

4. पाणी तपासा, पण पहाटे

तपासणीत पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, ही सगळ्यात बोलकी गोष्ट. मासे जगायला तो लिटरला किमान 4 मिलिग्रॅम लागतो. आंघोळीच्या पाण्याचे निकष आणखी कडक: डीओ 5 किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात त्याचं माप) 3 किंवा कमी, आणि विष्ठेतले जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये फार तर 2500.

इथे एक सापळा आहे. तलाव शेवाळाने हिरवागार असेल तर उन्हात ते शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडतं. दुपारी तीनला घेतलेल्या नमुन्यात डीओ 12-14 सुद्धा येऊ शकतो. 25 अंशाला स्वच्छ पाण्यात तो जेमतेम 8.2 मावतो, म्हणजे कागदावर तुमचा तलाव स्वच्छ पाण्यापेक्षाही सरस ठरला. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं, आणि पहाटे पाचला डीओ एकवर आलेला असतो. मासे मरतात ते पहाटे. सरकारी नमुने ऑफिसच्या वेळेत घेतले जातात, यात कुणाचा डाव असतोच असं नाही. पण अहवाल हातात आला की आधी त्यावरची वेळ बघा. 8.2 च्या बराच वर गेलेला डीओ चांगली बातमी नसते, ती शेवाळाची बातमी असते.

डीओ जागेवरच तपासणारं साधं किट मिळतं. ते घेऊन सूर्योदयाआधी आणि दुपारी, एकाच ठिकाणी, एकाच दिवशी मोजा. दोन आकड्यांमधलं अंतर दाखवलं की वेगळं भाषण लागत नाही. बीओडी आणि जिवाणूंसाठी मात्र एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठा. नमुना बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोचवा. जिवाणूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी, ती प्रयोगशाळेकडूनच घ्या. दरवेळी सगळ्या तपासण्या करायला पैसे पुरत नाहीत. वर्षातून दोनदा पूर्ण तपासणी आणि दर महिन्याला डीओ, एवढं पुरे.

एक यंत्र घरी होतं. 20 सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, तिचे चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवायचे, मधोमध दोरी आणि खाली वजन. होडीतून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली दोरीवर वाचायची. पाणी किती गढूळ आहे याची वर्षानुवर्षांची नोंद जवळपास फुकटात होते. शाळेतल्या मुलांना हे काम फार आवडतं.

फॉस्फरसही तपासून घ्या. मैलापाण्यातून आणि साबण-पावडरीतून तो येतो, आणि एक ग्रॅम फॉस्फरसवर साधारण शंभर ग्रॅम सुकं शेवाळ पोसलं जातं. शेवाळ काढत बसण्यापेक्षा नाला वळवणं स्वस्त का पडतं, ते या हिशेबात आहे.

5. माहिती अधिकारात कागद मागा, कारणं मागू नका

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळं एकात कोंबू नका; चार अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, आणि त्या निर्णयानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

'नाला का वळवला नाही?' असं विचारलंत तर 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं. म्हणून नाव घेऊन कागद मागा:

- तलावाचा सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर), मंजुरीच्या पत्रांसह
- मागच्या पाच वर्षांतल्या वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबीची पानं आणि अदा केलेली बिलं
- तलावाला मिळणाऱ्या नाल्यांची यादी आणि ड्रेनेज लाइनचे नकाशे
- पंपिंग स्टेशनचं लॉगबुक आणि त्या मीटरची वीजबिलं
- प्रदूषण नियंत्रण मंडळाचे तलावाच्या पाण्याचे अहवाल आणि मंडळाने महापालिकेला दिलेल्या नोटिसा
- मासेमारीच्या ठेक्याचा करार

महापालिकेचा वार्षिक पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आधी वाचा, तो मागावा लागत नाही. तो दरवर्षी 31 जुलैपर्यंत सभागृहापुढे ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तलावाबद्दलचा परिच्छेद सलग तीन वर्षांच्या अहवालांतून काढून बघा. शब्द न शब्द तोच असेल तर तोही पुरावाच.

वीजबिलांवर जोर देण्याचं कारण आहे. लॉगबुक एका बैठकीत, एकाच पेनाने भरता येतं. वीजबिल तसं भरता येत नाही. पंप कागदावर दिवसाला अठरा तास चालतोय आणि मीटरवर दोन तासांची वीज लागलीय, हे एकदा शेजारी-शेजारी मांडलं की पुढची चर्चा फार वेगळ्या सुरात होते.

6. पहिली मागणी एकच: मैलापाणी अडवा आणि वळवा

निवेदनात वीस मागण्या लिहिल्या की त्यातली सर्वात स्वस्त मान्य होते आणि विषय मिटवला जातो. एकच लिहा: अमुक नाल्यातून दिवसाला अमुक लाख लिटर मैलापाणी येतं, ते मैला शुद्धीकरण केंद्राकडे वळवा, आणि कधीपर्यंत ते लेखी द्या.

वळवणं म्हणजे नाल्याच्या तोंडाशी बंधारा, विहीर, पंप आणि केंद्रापर्यंत पाइप. यात तीन गोष्टी बिघडतात. वीज गेली की पंप थांबतो आणि सगळं पाणी तलावात. म्हणून जनरेटर आणि राखीव पंप अंदाजपत्रकात आहेत का ते बघा. बंधाऱ्याच्या जाळीत पिशव्या अडकून पाणी वरून जातं. ती रोज साफ करायला माणूस नेमलाय का ते विचारा. आणि ज्या केंद्राकडे पाणी जाणार त्याची क्षमता शिल्लक आहे का? नसेल तर तुमच्या तलावातली घाण नदीत गेली, इतकंच.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक आधी विचारात घेतात. नाला पूर्ण वळवला की तलावाचं पाणीही जातं. वरची जुनी पाणलोटाची जमीन बांधकामाखाली गेलेली असते, आणि उन्हाळ्यात तलावाला जिवंत ठेवणारं पाणी हेच मैलापाणी असतं. म्हणून पावसाचं पाणी बंधाऱ्यावरून तलावात येईल अशी रचना हवी, आणि जमल्यास शुद्ध केलेलं पाणी परत तलावात सोडायचं. बेंगळुरूच्या जक्कूर तलावात शुद्धीकरण केंद्राचं पाणी आधी वनस्पती लावलेल्या पाणथळ पट्ट्यातून जातं आणि मग तलावात येतं. तुमच्या इंजिनिअरांना ते बघून यायला सांगा. त्यांना अभ्यास दौरा आवडतोच.

या टप्प्यावर कुणीतरी बाटलीतले जिवाणू, तरंगती कारंजी किंवा 'जादूची' पावडर घेऊन येईल. डेमोला एक कोपरा खरोखर स्वच्छ दिसेल. मैलापाणी चालू असताना हा खर्च दरवर्षी करावा लागतो, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. नाला बंद झाल्यावर हवा मिसळणारी यंत्रं थोडाफार उपयोग देतात, त्याआधी नाही.

7. जलपर्णी: कधी, कुठून, आणि काढून ठेवायची कुठे

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. पोषक पाणी आणि ऊन मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं टिकून राहतं. म्हणजे 'तलाव जलपर्णीमुक्त' ही बातमी कायम तात्पुरती असते.

ती फुलायच्या आधी काढा, आणि नाल्याच्या तोंडाकडून खाली सरकत या. उलट केलं तर वरची रोपं मागून वाहत येतात. पानं-देठ कापणारं मशीन नको, मुळासकट हवी. तण मारणारं औषध फवारायचा प्रस्ताव आला तर विरोध करा: मेलेली जलपर्णी तळाला बसते, कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजन खाते.

काढलेला ढीग काठावर ठेवू देऊ नका. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ती काठावर वाळते, पहिल्या पावसात तिच्यातलं सगळं खत परत तलावात जातं, आणि ठेकेदाराला पुढच्या वर्षीचं काम मिळतं. ठेक्यात 'तलावाच्या पाणलोटाबाहेर वाहतूक' असं स्पष्ट लिहून घ्या. बिल ओल्या टनावर आहे की साफ केलेल्या क्षेत्रफळावर, तेही बघा. ओल्या टनावर असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय.

8. गाळ काढण्याची घाई नको

गाळ हा सगळ्यांचा आवडता विषय, कारण जेसीबी आणि डंपर दिसतात, काम चाललंय असं वाटतं. नाला बंद व्हायच्या आधी काढलेला गाळ काही वर्षांत परत भरतो.

आधी होडीतून काठीने ठिकठिकाणी खोली मोजून, नुसता मऊ गाळ किती आणि खालचा कडक थर कुठे, याचा नकाशा करा. तो खालचा चिकणमातीचा थर फोडला तर तलाव गळायला लागतो. शेतकऱ्यांना गाळ द्यायची कल्पना चांगली आहे, गावाकडच्या धरणांना ती लागू पडते. पण शहरातल्या तलावात वर्षानुवर्षं गॅरेजचं पाणी आणि मूर्तींचे रंग गेलेले असतात. शिसं आणि क्रोमियमची तपासणी झाल्याशिवाय तो गाळ कुणाच्या शेतात जाऊ देऊ नका.

9. सुशोभीकरणावर नजर ठेवा

तलावाचा उथळ काठ, जिथे पाणकणीस उगवतं, बेडूक अंडी घालतात, पाणकोंबडी फिरते, तोच पाणी गाळून घेण्याचं निम्मं काम करतो. दगडी भिंत आणि पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आला की हा काठ संपला. पवई तलावाच्या काठी मुंबई महापालिकेने सायकल ट्रॅक सुरू केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये ते काम बेकायदा ठरवून बांधकाम काढायला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. हा निकाल छापून जवळ ठेवा.

लोकांना फिरायला जागा हवी, ती मागणी खोटी नाही. ट्रॅक पूर्ण संचय पातळीच्या बाहेर, मातीचा किंवा मुरमाचा, आणि निम्मा काठ पक्ष्यांना सोडून. एवढ्यावर तडजोड करता येते. माझ्या मते, बाकी कशावर करू नये.

विसर्जनाबद्दल थोडक्यात: मंडळांशी गणपतीच्या आठवड्यात नाही, आषाढातच बोला. कृत्रिम हौद तलावाच्या वाटेवर ठेवा, लांब नको. निर्माल्याचे ट्रॅक्टर रात्रीही हलले पाहिजेत. घरच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती बादलीत विरघळवण्याची अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केलेली आहे. उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून पातळ करून वापरता येतं, तलावात ओतायचं नाही.

10. तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने

प्रत्येक कागदावर आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी आश्वासनाला तारीख नसते.

आधी महापालिका आयुक्त किंवा नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, सोबत तुमचे मोजमापाचे आकडे. प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना, संयुक्त पाहणीच्या मागणीसह. पाहणीला तुम्ही हजर राहा आणि पंचनाम्यावर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा. दाद लागली नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तिथे अर्ज आधी नोंदवावा लागतो, ऐनवेळी जाऊन उपयोग नाही.

हे सगळं करून कागदांची फाइल जाड झाली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी हजार रुपये, आणि स्वतः बाजू मांडता येते. मुदतीकडे लक्ष द्या: न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम 14 खाली वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस, नुकसान आणि पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीला कलम 15 खाली पाच वर्षं. वकिलाशी पहिली भेट घ्याल तेव्हा हाच प्रश्न आधी विचारा. न्यायाधिकरणात गेल्यावर महापालिका वेळापत्रक सादर करते. त्या वेळापत्रकावर लक्ष ठेवणं हे तुमच्या गटाचं पुढचं काम, वकिलाचं नाही.

11. काम झाल्यानंतर

उद्घाटनाच्या फलकानंतर देखभालीचा ठेका असतो, आणि तलाव परत बिघडतो तो तिथे. ठेक्यात पंपाची देखभाल, जाळीची रोजची सफाई, दर महिन्याची पाण्याची तपासणी आणि पहाटेचा डीओ, हे सगळं लिहिलेलं हवं. 'आवश्यकतेनुसार' हा शब्द दिसला तर तो खोडून दिवस लिहून घ्या.

मच्छीमार सहकारी संस्थेच्या लोकांना सुरुवातीपासून सोबत ठेवा. बरेच गट त्यांना 'व्यावसायिक' म्हणून लांब ठेवतात, ते चुकीचं आहे. तलाव कुठे किती खोल, कुठून थंड पाणी लागतं, कुठल्या बाजूला रात्री टँकर रिकामे होतात, हे पहाटे होडीत असणाऱ्यालाच ठाऊक. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागले की प्रयोगशाळेच्या अहवालाआधी त्यांचा फोन येतो. जाळ्यात रोहू, कटला कमी होऊन नुसती चिलापी आणि मांगूर यायला लागली, तर पाणी बिघडतंय असं समजा आणि त्याच आठवड्यात नाल्यावर जाऊन पंप चालू आहे का ते बघा. ठेक्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांचा एक प्रतिनिधी तलाव समितीवर असावा, असा ठराव आधीच करून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.